शाळा सुरू होताना दुखणारं पोट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टी संपायला आठवडा उरला की माझ्या दवाखान्यातली गर्दी बदलते. ताप-खोकल्याची मुलं असतातच, पण त्यांच्यामध्ये पोट धरून बसलेली, मळमळतंय म्हणणारी, सारखी शूला पळणारी मुलं दिसायला लागतात. शाळा उघडल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात तर ती जास्तच असतात. दुखणं सकाळी उठल्यावर सुरू होतं, शाळेची वेळ टळली की उतरतं, दुपारी मूल खेळायला लागतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखण्याचा पत्ता नसतो. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि दरवर्षी या दिवसांत माझ्या खोलीत तेच संवाद ऐकते. कुणी म्हणतं, "डॉक्टर, नुसती नाटकं आहेत, तुम्हीच जरा दम द्या." कुणी म्हणतं, "सोनोग्राफी करून टाकू, मनात शंका नको." कधी कधी तर एकाच मुलाचे आई आणि बाबा ही दोन वाक्यं एकमेकांना ऐकवतात आणि मूल मधल्या स्टुलावर मान खाली घालून बसलेलं असतं.

त्या मुलाच्या बाजूने मला हे पत्र लिहायचं आहे. त्याचं दुखणं खरं आहे, आणि तरीही त्याला शाळेत जायला हवं. या दोन्ही गोष्टी एकदम मान्य करणं मोठ्यांना फार जड जातं. दुखणं खरं मानलं की मूल घरी राहतं, आणि शाळेत पाठवायचं ठरलं की दुखणं खोटं ठरवलं जातं.

आधी दुखण्याबद्दल. भीती वाटली की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करतं. हृदय जोरात धडधडतं, स्नायूंकडे जास्त रक्त धावतं, आतड्यांचं काम त्या वेळेपुरतं मागे पडतं. वॉल्टर कॅनन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्ष-किरणांखाली मांजरांच्या जठराची हालचाल पाहत होते. मांजर बिथरलं की ती हालचाल थांबायची आणि शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. आपल्या आतड्यांत मज्जातंतूंचं स्वतःचं दाट जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालू असते. म्हणून धास्तावलेल्या मुलाला कळ येते, मळमळतं, पातळ शी होते. मूल ते ठरवून करत नाही. आपण करतोय तरी काय, हे त्यालाही सांगता येत नाही.

ब्रिटनमध्ये जॉन ॲप्ली या बालरोगतज्ज्ञांनी एक हजार शाळकरी मुलांची पाहणी करून १९५८ साली निष्कर्ष मांडले. साधारण दहातल्या एका मुलाचं पोट वारंवार दुखत होतं आणि त्यातल्या बहुतेकांमध्ये शरीराचा आजार सापडला नाही. दुखणारी जागा बेंबीपासून जितकी लांब, तितकी आजाराची शक्यता अधिक, हा त्यांचा ठोकताळा आम्ही डॉक्टर अजून वापरतो. मी मुलाला सांगते, "एका बोटाने दाखव कुठे दुखतं." बहुतेक वेळा बोट येत नाही, अख्खा तळवा बेंबीभोवती फिरतो. तरी मी नीट तपासते. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन घटत असेल, हिरवी उलटी होत असेल, शीतून रक्त जात असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भीतीचं कारण पुढे करून तपासण्या टाळणं धोक्याचं आहे. यातलं काही नसेल तर पालकांसमोरच मुलाला सांगते, "तुझं पोट खरंच दुखतंय. आत काही बिघडलेलं नाहीये. तुला धास्ती वाटली की ते असं आवळतं, आणि थोड्या वेळाने सैल होतं." हे ऐकल्यावर कितीतरी मुलं पहिल्यांदा मान वर करतात. आपल्यावर कुणाचा तरी विश्वास बसला, याचा तो परिणाम असावा असं मला वाटतं.

मग येते सर्टिफिकेटची मागणी. "आठवडाभर घरी राहू दे, जरा सावरला की पाठवू." मागणारी आई कळवळून मागत असते, रोज सकाळचा आकांत तिने सोसलेला असतो. तरीही मी ते देत नाही आणि का देत नाही ते समजावून सांगते. शाळेला जायचं नाही असं ठरलं की त्या क्षणी मुलाला विलक्षण हलकं वाटतं. त्या सुटकेतून त्याचं मन शिकतं की शाळा खरंच धोक्याची होती आणि घरी थांबलो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यामुळे आणखी अवघड होते. सोमवार शुक्रवारपेक्षा जड का, आणि मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस कुठल्याही सोमवारपेक्षा जड का, याचं कारणही हेच.

दुसरीतली एक मुलगी मला नेहमी आठवते. घर बदललं म्हणून शाळा बदललेली. पहिल्या आठवड्यात रडली म्हणून घरी ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात मधून मधून पाठवलं, आणि त्यानंतर ती रविवारी दुपारपासूनच जेवेनाशी झाली. शाळेत तिला कसली भीती वाटते, असं घरच्यांना विचारलं तर ते म्हणाले, "नवा अभ्यास झेपत नसेल." मी तिला एकटीला विचारलं. बराच वेळ गप्प बसून तिने सांगितलं की शाळेच्या बाथरूमची कडी तिला आतून उघडता येत नाही. एकदा ती आत अडकली होती आणि मधली सुट्टी संपून गेली होती.

हे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण मुलांच्या धास्तीची कारणं अशीच असतात, हाताला लागतील इतकी ठोस. डब्याचं झाकण निघत नाही. बस मला सोडून निघून गेली तर? बाकावर माझ्या शेजारी कुणी बसलंच नाही तर? बाईंनी नाव पुकारलं आणि मला ऐकूच आलं नाही तर? आणि लहानांमध्ये वारंवार येणारी, पण सहसा न बोलली जाणारी एक भीती: मी शाळेत असताना आईला काही झालं तर? मोठी माणसं 'अभ्यासाची भीती' असं एक शीर्षक देऊन मोकळी होतात आणि मूल कडीपाशी अडकून राहतं. बाथरूमची तर मला वेगळीच काळजी आहे. दिवसभर शी-शू दाबून ठेवणाऱ्या मुलांना बद्धकोष्ठ होतं, लघवीचा संसर्ग होतो आणि मग पोट दुसऱ्याच कारणाने दुखायला लागतं. शाळा सुरू होण्याआधी मुलाला तिथलं बाथरूम दाखवून आणा, कडी लावून-उघडून पाहू द्या. वह्या-पुस्तकांना कव्हर घालण्याइतकंच हे काम तयारीत धरायला हवं.

त्या मुलीचं पुढे असं झालं. एका संध्याकाळी शाळा रिकामी असताना ती आईबरोबर जाऊन वर्ग पाहून आली. मग बाईंना भेटली, बाथरूमला जाताना कुणाला सोबत न्यायचं ते ठरलं, काही दिवस फक्त पहिल्या दोन तासांना बसली, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक टप्प्यावर ती थोडी घाबरली, आणि भीती ओसरेपर्यंत तिथेच थांबली. ही युक्ती माझी नाही. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली पीटर नावाच्या जवळपास तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती. ससा आधी लांब, पिंजऱ्यात. मग रोज थोडा जवळ. सोबत न घाबरणारी इतर मुलं आणि पीटरच्या आवडीचा खाऊ. शेवटी ससा त्याच्या मांडीवर आला. भीतीच्या दिशेने लहान लहान पावलं टाकायची आणि मागे फिरायचं नाही, हे तत्त्व आजच्या उपचारांतही टिकून आहे.

फाटकापाशी जे चालतं त्याबद्दलही लिहायला हवं. मूल रडतंय म्हणून त्याचं लक्ष दुसरीकडे वेधून गुपचूप निघून जाण्याचा सल्ला आजही सर्रास दिला जातो. कृपा करून तसं करू नका. मूल वळून पाहतं आणि आई नसते. त्यातून ते एवढंच शिकतं की नजर हटली की आई नाहीशी होते, आणि मग घरातसुद्धा पदर सोडत नाही. "आई इथेच बाहेर बसली आहे" ही थापही तितकीच वाईट, कारण ती उघडी पडतेच. निरोप घ्यावा, पण लांबवू नये. एक मिठी, एक ठरलेलं वाक्य, आणि पाऊल उचलायचं. लहान मुलाला "साडेबाराला येते" याचा काही बोध होत नाही. "डबा खाऊन झाला, गोष्ट ऐकून झाली की मी फाटकाशी असेन" हे कळतं. आणि मग खरोखरच फाटकाशी असायचं, पाच मिनिटं आधीच.

आईपासून दूर होताना रडणं हे जडणघडणीतलंच आहे. ते साधारण आठव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं, दीड वर्षाच्या सुमारास कळसाला पोहोचतं आणि तीन वर्षांपर्यंत बरंच ओसरतं. पण नवी जागा, मोठी सुट्टी, आजारपण, धाकटं भावंड, घरातला मृत्यू यांपैकी काहीही घडलं की सहा-सात वर्षांच्या मुलातही ते पुन्हा वर येतं. तेव्हा "एवढा मोठा झालास आणि रडतोस?" हे वाक्य कुणीच बोलू नये.

आणि म्हणूनच, संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. शाळेच्या पहिल्या दिवशी रडणाऱ्या चिमुकल्यांची छायाचित्रं जवळपास सगळीच वर्तमानपत्रं दुसऱ्या दिवशी छापतात. खाली काहीतरी गमतीदार ओळ असते. छापणाऱ्यांच्या मनात कौतुकच असतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्या चौकटीत एका माणसाचा भेदरलेला चेहरा असतो. मोठा माणूस असा भेदरलेला असता तर त्याला न विचारता आपण तो छापला नसता. पूर्वी तो कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचा. आता ते छायाचित्र वर्षानुवर्षं मोबाइलमधून फिरत राहतं आणि त्याच मुलाला पाचवीत असताना वर्गमित्र ते दाखवतात. रडण्यावर हसायचं असतं, हे त्या दिवशी घराघरांतली मोठी भावंडंही शिकतात. आपल्या वृत्तपत्रापुरतं तरी हे थांबवावं आणि त्या जागेत पालकांच्या उपयोगाचं काही छापावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

उपयोगाचं म्हणजे काय, तर उदाहरणार्थ झोप. सुट्टीत मुलं उशिरा झोपतात आणि शाळेच्या पहिल्याच सकाळी त्यांना अंधारात हलवून उठवलं जातं. झोप अपुरी असेल तर भीती आवरत नाही. अमेरिकेतल्या निद्राविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितल्याप्रमाणे ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. शाळा उघडण्याच्या दोन आठवडे आधीपासून उठण्याची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणली तर झोपण्याची वेळ मागोमाग येते.

याहून महत्त्वाचं म्हणजे रात्रीचे प्रश्न. "उद्या बाई रागावल्या तर?" "नाही रागावणार." "पण रागावल्या तर?" हा खेळ तासभर चालतो, आणि आईबाबांनी दिलेलं प्रत्येक आश्वासन दहा मिनिटं पुरतं. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी अशा पालकांसाठी एक उपचारपद्धती बांधली आहे, ज्यात मुलाला भेटायची गरजच पडत नाही, फक्त पालकांबरोबर काम केलं जातं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात १२४ मुलं होती आणि पालकांवर केलेलं हे काम मुलांना थेट दिलेल्या वर्तन-उपचाराइतकंच परिणामकारक ठरलं. त्यातलं मर्म साधं आहे. पालकांनी मुलाच्या भीतीला मान द्यायचा आणि त्याच दमात त्याच्या ताकदीवर भरवसा दाखवायचा: "तुला धास्ती वाटतेय हे मला दिसतंय, आणि ती वाटत असतानाही तू उद्या जाऊ शकशील याची मला खात्री आहे." एवढं बोलून थांबायचं. त्याच प्रश्नाला विसाव्यांदा उत्तर द्यायचं नाही. पालकांना हे निष्ठुर वाटतं. काही दिवस रेटलं की प्रश्न कमी होताना दिसतात.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगते. शाळेत खरोखरच मारणारं, चिडवणारं, अंगाला नको तिथे हात लावणारं कुणी असेल तर तिथे हळूहळू सवय लावण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे आधी ते कारण दूर व्हायला हवं, आणि ते मोठ्यांचं काम आहे. म्हणून मुलाला एकटं घेऊन, शांतपणे, पुन्हा पुन्हा विचारा. त्याचबरोबर डोळे आणि कान तपासून घ्या. फळा न दिसणारं मूल "मला दिसत नाही" असं म्हणत नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं. वाचनात किंवा आकडेमोडीत मूलभूत अडचण असलेल्या मुलांचीही तीच गत. दरवर्षी वर्ग वाढतो आणि त्यांची धास्तीही वाढते.

मोठी मुलं रडत नाहीत, म्हणून ती सुटून जातात. प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाणारी, वसतिगृहात परतणारी, आजारपणाने खंड पडलेली मुलं डोकं दुखतंय म्हणतात, चिडचिड करतात, सकाळी बाथरूममधून बाहेरच येत नाहीत, किंवा "शाळेत काही शिकवतच नाहीत" असा वाद घालतात. त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलू नये, बोलणं लगेच बंद होतं. चालताना, गाडीत, भांडी आवरताना बोलावं.

काही पालक "जाताना शांत राहील असं एखादं औषध" मागतात, आणि सर्दीचं पेंग आणणारं सिरप स्वतःच्या मनाने देऊन पाठवणारेही भेटतात. असं करू नये. त्या गुंगीत मूल वर्गात काही शिकत नाही, आणि आपण स्वतःच्या बळावर निभावलं हेही त्याला कळत नाही. औषधांना जागा आहे, पण ती तज्ज्ञाच्या हातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वर्षांची, चिंताविकार असलेली ४८८ मुलं होती. वर्तन-उपचाराने सुमारे ६० टक्के मुलं लक्षणीय सुधारली, औषधाने सुमारे ५५ टक्के, दोन्ही मिळून ८० टक्क्यांच्या आसपास, आणि आत औषधच नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीने सुमारे २४ टक्के. हा विकार बरा होण्यासारखा आहे, हे घरच्यांना पहिल्या भेटीतच सांगायला मला फार बरं वाटतं. ताटातुटीची तीव्र भीती चार आठवड्यांहून जास्त टिकली तर ती विकारात मोडू शकते. शाळा बुडायला लागली असेल तर मात्र चार आठवडे थांबूही नका. जगणं नकोसं झाल्याची भाषा मुलाच्या तोंडी आली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे या.

शाळांना मी काय सांगणार? पण माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी जे सांगितलं ते पोहोचवते. पहिल्या दोन आठवड्यांत चाचणी नको. फाटकाशी रोज एकच ओळखीचा माणूस असावा, शिपाईकाका असोत वा बाई, जो मुलाला नावाने हाक मारेल. उशिरा आलेल्या मुलाला बाहेर उभं करू नये; ते मूल घरातून कोणत्या लढाईतून निघून आलंय हे कुणाला माहीत नसतं. बाथरूमला जायला परवानगी मागण्यासाठी सगळ्यांसमोर हात वर करावा लागू नये. आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद झालं तर मला आनंद होईल. जे मूल पोटात गोळा घेऊन रोज मधल्या सुट्टीपर्यंत टिकतं, त्याच्या हजेरीला त्या बक्षिसात किंमत नाही.

सर्टिफिकेट मागायला आलेल्या पालकांना मी हल्ली वर्गशिक्षकांच्या नावे एक चिठ्ठी देते. मूल किती वेळ बसू शकतं, घाबरल्यावर ते नेमकं काय करतं आणि तेव्हा त्याने कुणाकडे जायचं, एवढंच त्यात असतं. बहुतेक शिक्षक ती मनापासून पाळतात, त्यांचे मी आभार मानते. ज्या शाळांनी पहिला पंधरवडा वेगळ्या रीतीने आखून पाहिला आहे, त्यांच्या मुख्याध्यापकांनी याच सदरात लिहावं. मला ती पत्रं कापून दवाखान्यातल्या फलकावर लावता येतील.

आपली नम्र,
एक बालरोगतज्ज्ञ